कोण, केव्हा, किती वेळ

मराठी माणसाला फोनवर हळू बोलता येत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. पगार, पथ्य आणि स्थळ या तीन विषयांवर तो इतक्या हळू बोलतो की पलीकडच्याला काही ऐकूच जात नाही, आणि मग तेच सगळं पहिल्यापासून मोठ्यानं सांगावं लागतं. पण प्रयत्न प्रामाणिक असतो. मुलीच्या स्थळाचा फोन आला की गृहस्थ हातातला चहा खाली ठेवतात, मुलीसमोर नको म्हणून गॅलरीत जातात, सरकतं दार ओढून घेतात आणि तोंडासमोर तळहात धरतात. आत टीव्हीचा आवाज एकदम बारीक होतो. बोलणं संपतं. गृहस्थ आत येतात. "कोण होतं, बाबा?" "ऑफिसचं काम होतं गं." आणि फोन टीपॉयवर उताणा टाकून ते आंघोळीला जातात.

त्या उताण्या फोनवर स्वच्छ मराठीत लिहिलेलं असतं: वधूवर मंडळ, रविवार, सकाळी दहा, सव्वीस मिनिटं.

ही आपली एकूण रीत आहे. बोलणं झाकून ठेवायचं आणि यादी उघडी टाकायची. बोलणं म्हणजे गुपित आणि यादी म्हणजे रद्दी, असं आपण धरून चाललो आहोत.

ही यादी आपल्या फोनमध्ये असते तशी फोन कंपनीकडेही असते, आणि तिकडची जास्त टापटीप असते. तिला सीडीआर म्हणतात. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गुन्ह्याच्या प्रत्येक बातमीत 'पोलिसांनी सीडीआर काढला' असं असतं. आमच्या सोसायटीत तर सातबारा काढावा तितक्या सहजतेनं लोक एकमेकांचा सीडीआर काढायच्या गोष्टी करतात. कोणी कोणाला फोन केला, केव्हा केला, किती वेळ बोलला, तेव्हा फोन कुठल्या टॉवरपाशी होता आणि हँडसेट कुठला होता, एवढं त्यात असतं. काय बोलला ते नसतं. हे शेवटचं वाक्य ऐकलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो. "बोलणं नाही ना त्यात? मग नेईनात का!"

तो भांड्यात पडलेला जीव आता जरा बाहेर काढू.

समजा, एका इसमाच्या मंगळवारच्या नोंदी अशा आहेत. सकाळी ९.०५, पॅथॉलॉजी लॅब, चाळीस सेकंद. ९.०७, फॅमिली डॉक्टर, अकरा मिनिटं. ९.२०, नागपूरचा भाऊ, अठ्ठावीस मिनिटं. ९.५०, विम्याचा एजंट, तीन मिनिटं. ९.५४, पुन्हा विम्याचा एजंट. १०.३०, गुरुजी. यात एका शब्दाचंही संभाषण नाही. तरी तुम्ही आत्ता, त्या इसमाला बघायला जाताना शहाळं न्यावं की मोसंबी, इथपर्यंत येऊन पोचला आहात.

स्थळांच्या बाबतीत तर शब्द ही चैनच आहे. मुलाच्या आईचा मुलीच्या आईला फोन, दोन मिनिटं: नकार. नकाराला दोन मिनिटं पुरतात, कारण 'पत्रिका जुळत नाही' हे वाक्य मुळातच आखूड आहे. होकाराला पाऊण तास लागतो; त्यात पाच मिनिटं होकार आणि चाळीस मिनिटं हॉल. आणि मुलाचाच मुलीला परस्पर फोन, रात्री साडेअकरा ते पावणेदोन, असं दिसलं तर दोन्ही आयांना विचारायची वेळ निघून गेलेली असते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी हा खेळ रीतसर करून पाहिला. ८०० हून अधिक स्वयंसेवकांच्या फोनच्या नुसत्या नोंदी त्यांनी गोळा केल्या आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. एका गृहस्थाचे फोन हृदयरोगतज्ज्ञांशी, लॅबशी, औषधांच्या दुकानांशी आणि हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्राच्या हेल्पलाइनशी झाले होते. संशोधकांनी निदान केलं: ठोके अनियमित पडतात. पडताळा घेतला तेव्हा ते खरं निघालं. मी हे मोठ्या कौतुकानं आत्याला वाचून दाखवलं. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "एवढ्यासाठी विद्यापीठ लागलं?"

आत्याला असं विचारायचा अधिकार आहे. सत्तरच्या दशकात सदाशिव पेठेतल्या त्यांच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती आणि फोन एक होता. तो आत्याकडे होता. त्या काळी फोनसाठी नाव नोंदवायचं, लग्न करायचं, आणि मुलगा शाळेत जायला लागला की नंबर कुठवर आला याची चौकशी करायला जायचं, अशी पद्धत होती. उरलेल्या दहा बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर आत्याचाच नंबर असे आणि त्याच्यापुढे पी.पी. अशी दोन अक्षरं. कुणाचा फोन आला की आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून हाक मारी, आणि ज्याचा फोन आला आहे त्याच्यासकट उरलेले नऊ जणही गॅलरीत येत.

त्या काळ्या, जड फोनशेजारी एक शंभर पानी वही आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल असे. फोन करणाऱ्यानं तारीख, नाव, गाव आणि पैसे लिहायचे. ट्रंक कॉल असेल तर निराळ्या पानावर, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग, तेही लिहायचं. आत्या कुणाचं बोलणं कधी ऐकत नसे. कोणी फोनवर बसलं की ती सभ्यपणे स्वयंपाकघरात निघून जाई. (फोन आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, पण ते असो.) तिला ऐकायची गरजच नव्हती. महिनाअखेरीस हिशेबाला वही उघडली की सगळा वाडा तिच्यासमोर हात जोडून उभा राही. वरच्या मजल्यावरचे मास्तर बसचे पैसे वाचवायला दोन थांबे चालत जाणारे. त्यांनी एका महिन्यात साताऱ्याला तीन महागडे लाइटनिंग कॉल लावले. आत्यानं जाहीर केलं की शेताची वाटणी होते आहे. दिवाळीला मास्तरांचा भाऊ आला नाही. मागच्या खोलीतला कॉलेजकुमार दर गुरुवारी वहीत 'लायब्ररी' असं लिहून चार-पाच मिनिटं बोलायचा. आत्यानं त्याच्या आईला एवढंच विचारलं, की गुरुवारी लायब्ररीला सुट्टी असते ना?

हल्ली लोक हळहळतात, की तेव्हा माणसं चांगली होती, कुणाची माहिती कुणी विकत नसे. खरं आहे. आत्यानं वाड्याची माहिती एका पैशालाही विकली नाही. तिनं ती फुकट दिली.

आणि आत्याच्या वर एक्स्चेंज होतं. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून दोघांच्या फोनची बातमी तिसऱ्याला ठाऊक असणारच, हे ठरून गेलं. अमेरिकेत कॅन्सस सिटीत स्ट्रॉजर नावाचा एक माणूस अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. गावातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजवर बसते आणि आपल्याकडे येणारी गिऱ्हाइकं परस्पर नवऱ्याला जोडून देते, असा त्याला संशय आला, अशी कथा सांगतात. (गिऱ्हाइकं म्हणजे अर्थातच त्यांचे नातेवाईक.) कथा खरी असो की खोटी, या माणसानं ऑपरेटरच लागणार नाही असं यंत्र बनवलं आणि १८९१ साली त्याचं पेटंट घेतलं. मधला माणूस काढला की गुपित राहील, असा त्याचा हिशेब होता. झालं असं, की यंत्रानं माणूस काढला आणि वही स्वतःकडे ठेवून घेतली.

मधल्या काळात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ येऊन गेले. त्यांची रचना मला अजूनही अजब वाटते. बोलणाऱ्याला काचेची बंद केबिन, आतलं अक्षर बाहेर फुटू नये म्हणून दार. आणि बाहेर मालकाच्या पुढ्यात यंत्र, त्यावर नंबर, मिनिटं आणि पैसे लाल आकड्यांत पळत असलेले. रांगेतले सगळे ते वाचत. रात्री अकरानंतर पाव दर लागे, त्यामुळे महाराष्ट्रातलं त्या पिढीचं सगळं प्रेम रात्री अकरानंतरचं आहे. बोलणं झालं की यंत्र कर्रकर्र करत पावती काढी, मालक तिची एक प्रत तारेला टोचे आणि सुट्टे पैसे देता देता म्हणे, "शून्य दोन तेहतीस... सांगलीला दिलीत वाटतं बहीण?" बहीण नसे. पण हो म्हणावं लागे, आणि पुढच्या खेपेला तिची तब्येतही सांगावी लागे.

मोबाईल आला तेव्हा वाटलं, सुटलो. ज्याचा फोन त्याच्या खिशात. पण घराघरात सीडीआरची एक शाखा ताबडतोब उघडली. तिथे वॉरंट लागत नाही. "तुझा फोन दे रे, माझ्यात बॅलन्स नाही" एवढ्यावर काम होतं. काही पुरुष यावर उपाय म्हणून कॉलची यादी पुसून टाकतात. त्यांच्याइतका भोळा प्राणी नाही. रिकाम्या यादीइतका भरभक्कम पुरावा दुसरा नसतो. अनुभवी माणूस पुसताना दोन-चार निरुपद्रवी फोन मागे ठेवतो: गॅस एजन्सी, इस्त्रीवाला, सासूबाई. मात्र सासूबाईंशी स्वतःहून नऊ मिनिटं, असं दिसलं की तोही पकडला जातो.

शिवाय इकडे पुसून तिकडचं जात नाही. दूरसंचार विभागानं डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवायला सांगितलं. आधी ही मुदत एक वर्षाची होती. दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होता, हे तुम्हाला आठवत नाही. टॉवरला आठवतं. जर्मनीत माल्टे श्पिट्झ नावाच्या ग्रीन पक्षाच्या राजकारण्यानं आपल्याच फोन कंपनीवर दावा लावून आपल्याच सहा महिन्यांच्या नोंदी मागून घेतल्या. ३५,८३० ओळी निघाल्या. एका वर्तमानपत्राच्या संकेतस्थळानं २०११ मध्ये त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा हा माणूस केव्हा आगगाडीत होता, केव्हा घरी होता, केव्हा झोपला, हे कुणालाही बसल्या जागी बघता येऊ लागलं. त्यानं ते स्वतः होऊन जगाला दाखवलं. आपल्याकडे एवढं धैर्य कुणी करणार नाही. 'निघालोय, पाचच मिनिटांत पोचतो' हे वाक्य ज्या समाजाचा पाया आहे, त्याला टॉवरची नोंद परवडत नाही.

आता कायदा बघा. मला वाटत होतं, कायदेपंडित तरी आमच्या टीपॉयवाल्या गृहस्थांपेक्षा शहाणे असतील. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सांगितलं की फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे. ते चोरून ऐकायचं तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा हुकूम हवा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला. उत्तम. पण नुसती यादी हवी असेल तर एवढं वर जावं लागत नाही. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची मागणी पुरते. म्हणजे माझ्या बोलण्याला मंत्रालय आणि माझ्या यादीला जिल्हा. मला विचाराल तर हे नेमकं उलटं हवं होतं. माझं बोलणं खुशाल कुणीही ऐकावं. त्यात निम्मा वेळ 'हॅलो, येतोय का आवाज? मला येतोय, तुम्हाला येतोय का?' असतं, आणि उरलेल्या निम्म्यात भाव. ऐकणाराच आधी अर्ज करून बदली मागेल. यादीला मात्र गृहसचिवांनी स्वतः कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधावी.

कारण यादी निसटते. २०१३ साली दिल्लीत एक प्रकरण गाजलं. राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या फोनच्या नोंदी परस्पर मिळवण्याचा उद्योग झाला होता, आणि त्यात एका पोलीस शिपायाला अटक झाली. वरिष्ठांच्या ई-मेलवरून मागणी गेली होती. देशातल्या नामांकित वकिलाची यादी एका ई-मेलवर मागवता येते, तिथे तुमच्याआमच्या यादीला बहुधा मिस्ड कॉलही पुरेल. त्यानंतर नियम आवळले गेले. आणि आवळलेल्या नियमांनंतर, २०१८ च्या सुरुवातीला, आमच्या ठाण्यात पोलिसांनी सीडीआर विकण्याचा धंदाच उघडकीला आणला. खासगी गुप्तहेर पकडले गेले. गुप्तहेर म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर ओव्हरकोट, भिंग आणि धुक्यातला दिव्याचा खांब येतो. इथे होता तो एक्सेलचा तक्ता. धुकं तर ठाण्यात नसतंच. घोडबंदर रोडवर असते ती धूळ.

ठाण्यातला भाव मला ठाऊक नाही. अमेरिकेचा मात्र पाठ आहे. जानेवारी २००६ मध्ये तिथल्या एका राजकीय लेखकानं, हे किती सोपं आहे ते दाखवायला, नाटोचे माजी सरसेनापती वेस्ली क्लार्क यांच्या मोबाईलची यादी इंटरनेटवरून रीतसर विकत घेतली. किंमत ८९ डॉलर ९५ सेंट. शेवटी पंच्याण्णव आले की आम्हाला बाटा आठवतो. सरसेनापतींची गुपितं चपलेच्या भावात! त्याच वर्षी ह्युलेट-पॅकार्ड या बड्या कंपनीनं, आपल्या बैठकीतल्या बातम्या कोण फोडतं हे शोधायला हेर लावले. हेरांनी फोन कंपन्यांना संचालकांच्या आणि पत्रकारांच्या नावानं फोन केले, की मीच तो, माझी यादी जरा पाठवा. कंपन्यांनी पाठवली. अध्यक्षबाईंना पायउतार व्हावं लागलं आणि अमेरिकेत या फसवणुकीविरुद्ध वेगळा कायदा झाला. तात्पर्य काढायची सवय असलेल्यांनी ते काढावं. मला त्यात फक्त एवढंच दिसतं, की बातमी कोणी फोडली हे शोधायलाही बोलणं लागलं नाही. कोण, केव्हा, किती वेळ, एवढं पुरलं.

पण चोर-पोलीस-गुप्तहेर ही मोठ्या लोकांची मिजास झाली. आमच्यासारख्यांचा नंबर फोडायला कुणी येत नाही. आम्ही तो जाऊन देतो.

दुकानाच्या काउंटरवर उभं राहा. दोन बनियन घेतले आहेत. "मोबाईल नंबर?" कशाला, असं विचारलं की काउंटरवरची मुलगी अशा नजरेनं बघते की तुम्ही बनियन चोरलेच आहेत. "बिल बनत नाही सर, नंबराशिवाय." केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे की नंबरासाठी अडून बसू नका, ती अनुचित व्यापारी प्रथा होते. मी एकदा हे त्या मुलीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे सर. नंबर?" तोवर मागच्या रांगेतल्या काकूंनी पुढे होऊन, "माझा घाल गं, पॉइंट मिळतील," म्हणून स्वतःचा नंबर दिला. त्या काकूंच्या नावावर आज माझे दोन बनियन, मापासकट, नोंदवलेले आहेत.

मग मॉलमधली ती काचेची पेटी. शेजारी मोटार फिरत असते. चिठ्ठीवर नाव, नंबर, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि वार्षिक उत्पन्न लिहून टाकायचं. मोटार मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे, जोडीनं हॉटेलात या, गिफ्ट घेऊन जा' असे फोन आलेली घरं मात्र आळीभर आहेत. मग फोन सुरू होतात. गाडीचा विमा कधी संपतो हे गाडीच्या मालकाला आठवत नाही. फोन करणाऱ्याला तारखेसकट ठाऊक असतं. "तुम्हाला हे कुठून कळलं हो?" "सिस्टिममध्ये दिसतंय सर." हा सिस्टिम नावाचा इसम कोण, कुठला, कोणाचा, हे आत्यालाही कळलेलं नाही, आणि ही तिच्या कारकिर्दीतली एकमेव हार आहे. १९०९ वर नोंद करून नको असलेले फोन थांबवता येतात. जाहिरातवाल्यांना १४० नं सुरू होणारे नंबर आणि बँकांच्या कामाच्या फोनांना १६०० नं सुरू होणारे, अशीही वर्गवारी केली आहे. जे सभ्य आहेत ते तिथून फोन करतात. उरलेले साध्या दहा आकडी नंबरावरून 'ओळखलंस का?' असं म्हणतात, आणि आपण भिडेखातर ओळखतो.

नाव दाखवणाऱ्या ॲपची मजा निराळी. लोकांनी आपापल्या फोनमध्ये आपलं नाव कसं ठेवलंय, ते तिथे वर तरंगत येतं. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त उपसंचालक, सही करताना अजून हुद्दा लिहिणारे, एकदा कुणाच्या तरी फोनवर 'बी विंग पार्किंग भांडण' या नावानं झळकले.

उपाय आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते सांगताना काय होतं, ते मात्र कुठल्याच सरकारी पत्रकात दिलेलं नसतं. कुरिअरवाला असल्याचं सांगून कोणी म्हणतं, "पार्सल अडकलंय, स्टार चारशे एक स्टार लावून अमुक नंबर फिरवा." फिरवला की तुमचे फोन त्याच्याकडे वळतात, ओटीपी सांगणाऱ्या फोनांसकट. असं कोड लावून फोन वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला दूरसंचार विभागानं कंपन्यांना सांगितलं. तरी वळवलेलं सगळं रद्द करायचं तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश, असं फिरवतात. हे मी माझ्या सासऱ्यांना फोनवर सांगितलं. "हॅश म्हणजे?" "फुली असते ना, दोन उभ्या दोन आडव्या." "म्हणजे फुली-गोळ्याची?" "हो." "त्यात शून्य कुठल्या घरात घालायचं?"

'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. आमच्या मेव्हण्यानं उत्साहानं पाहिलं. एक अनोळखी नंबर निघाला. त्यानं तत्परतेनं 'हा माझा नाही' म्हणून कळवून टाकलं. काही दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन लागेना. तेच ते, हॅशवाले.

फोनमधल्या ॲपांना काय काय बघायची परवानगी दिली आहे, हेही एकदा उघडून बघावं. विजेरीच्या ॲपला कॉलची यादी कशाला हवी? अंधारात कोणाशी बोललो ते बघायला? गूगलनं २०१९ पासून सरसकट ॲपांना ती मागायची बंदी केली आहे, पण जुन्या फोनांत जुने पाहुणे अजून मुक्कामाला असतात.

आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात दंड थेट २५० कोटी रुपयांपर्यंत जातो. आकडा वाचून मी फाटकावरच्या वॉचमनकडे आदरानं पाहिलं. त्याच्या वहीत नाव, नंबर, कोणाकडे आला, किती वाजता आला, किती वाजता गेला, हे सगळं असतं. आणि पुढच्या पाहुण्यानं लिहिता लिहिता मागची तीन पानं वाचली तरी कुणी हटकत नाही. पण कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. वॉचमनची वही कागदी. त्यामुळे बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर दर शनिवारी कोण येतं, ही आमच्या सोसायटीतली सर्वांत स्फोटक माहिती, निळ्या बॉलपेननं, कायद्याच्या कक्षेबाहेर सुखरूप पडून आहे.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये सायबर जागृतीचं व्याख्यान झालं. वक्ता तरुण आणि तयारीचा होता. नंबर कुणाला देऊ नका, फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा, असं सगळं त्यानं नीट सांगितलं. दाराशी टेबल होतं. टेबलावर वही. आत येणाऱ्यानं नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल नंबर आणि सही करून मगच आत जायचं. चहा-बिस्किटांची मोजणी त्यावर होती. सगळ्यांनी लिहिलं. मीही लिहिलं. आत्या माझ्यामागून आली. तिनं चष्मा पुसला, वही वरपासून खालपर्यंत वाचून काढली, नाव लिहिलं, फ्लॅट लिहिला, आणि मोबाईलच्या रकान्यात, माझ्या नंबराच्या बरोबर खाली, दोन छोट्या रेघा ओढून 'वरीलप्रमाणे' अशी खूण केली. मग दोन बिस्किटं घेतली.

दुसऱ्या दिवशी मला दोन फोन आले. दोन्ही व्याख्यान कसं वाटलं म्हणून. एक माझ्यासाठी होता.